पाषाणातील कणांची मांडणी
(सोयगाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून वसला आहे. शेताचे बांध, विहिरींची बांधकामे, वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी ह्या सर्वांत एकच काळा पाषाण दिसतो. भूगोलाच्या तासाला ‘हा अग्निजन्य खडक होय’ एवढे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले जाते आणि धडा संपतो. वस्तुतः धडा तेथूनच सुरू व्हावयास हवा. कारण दगड कसा जन्मला हे त्याच्या अंतरंगातील कणांच्या मांडणीवरून ओळखता येते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस वर आला आणि थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले. उघड्यावर पसरलेला हा रस लवकर निवाला. स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला नाही. म्हणून ह्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा, ताजा तुकडा डोळ्यांना एकजीव काळा दिसतो. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता फेल्स्पार खनिजाच्या बारीक कांड्या परस्परांत अडकलेल्या दिसतात. त्यांच्या फटींत पायरॉक्सीन व काळे लोहखनिज भरलेले असते. घट्ट बेसॉल्टचा कठीणपणा बराचसा ह्या गुंफणीचा आहे.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर भागात ग्रॅनाइट सापडतो. तो जमिनीखाली खोलवर अतिशय सावकाश निवाला. म्हणून त्यातील फेल्स्पार, गारेचे कण व काळी खनिजे साध्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येतात. वालुकाश्माची रीत निराळी. त्यातील कण वाहत्या पाण्याने वा वाऱ्याने आणून शेजारी शेजारी बसविलेले व नैसर्गिक लुकणाने सांधलेले असतात. गुंफलेले कण आणि सांधलेले कण, हा भेद मुलांना समजला म्हणजे खडकांचे वर्गीकरण घोकावे लागत नाही.

कणांइतक्याच कणांमधील पोकळ्याही महत्त्वाच्या आहेत. निवणाऱ्या रसातील वायूचे बुडबुडे वर चढून थराच्या माथ्याशी अडकले. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत गारगोट्या व झिओलाइटचे पांढरे स्फटिक वाढले. विहिरीचे पाणीही ह्याच रचनेवर अवलंबून असते. घट्ट पाषाणाच्या कणांत पाण्याला जागा नसते. ते भेगांत, मुरमात व परस्परांना जोडलेल्या पोकळ्यांत साठते. पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या असतील तर तोही थर कोरडाच. एका शेतात पाणी लागते आणि शेजारच्या शेतात लागत नाही, ह्याचे कारण पुष्कळदा येथे असते. दुष्काळ पाहिलेल्या मुलाला हे ज्ञान परके वाटणार नाही.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावरील अशाच थरांत कोरली गेली. चित्रे मात्र थेट दगडावर नसून मातीच्या गिलाव्यावर आहेत. कातळाच्या भेगांतून झिरपणारे पाणी त्या गिलाव्याला बाधते. सहलीस नेलेल्या मुलांनी चित्रांबरोबर भिंतीचा दगडही पाहावा.

वर्गातील प्रयोगास खर्च फारसा नाही. गरम पाण्यात तुरटी भरपूर विरघळवून ते पाणी दोन भांड्यांत घ्यावे. एक भांडे थंड पाण्यात ठेवावे, दुसरे कापडात गुंडाळून हलू न देता ठेवावे. पहिल्यात बारीक खडे व दुसऱ्यात सामान्यतः मोठे स्फटिक मिळतात. तुरटी द्रावणातून आणि खडक तप्त रसातून घडतो. तथापि संथपणे वाढलेला स्फटिक मोठा होतो, हे तत्त्व दोहोंकडे लागू पडते. ओढ्यातील काळ्या वाळूत लोहचुंबक फिरविल्यास लोहखनिजाचे कण त्यास चिकटतात.

नव्या विहिरीबाहेर पडलेल्या ढिगातील दगड मुलांकडून घट्ट, सच्छिद्र व गारगोटीयुक्त असे निवडून घ्यावेत. नावे मागाहून सांगावीत. प्रथम पाहू द्यावे. भिंगातून दगड पाहिलेले मूल पुढे विहीर खणताना हाती आलेल्या दगडाचाही विचार करील.