न्यायाच्या साखळीतील शेवटचा दुवा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'तुरुंग' असे सांगितले. त्यावर त्यांच्यापैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "वसंतात हा शिशिर कशाला?" प्रश्न बिनतोड होता. पण आम्ही हट्ट सोडला नाही, कारण या विषयाचे थोडे देणे आमच्या अंगावर आहे. ते कोणते, हे शेवटी सांगू.

आम्ही जिल्ह्याच्या न्यायालयात तीस वर्षे वकिली केली. न्यायालय म्हणजे न्यायाचे घर आणि तुरुंग म्हणजे त्या घराची अडगळीची खोली, अशीच आमची समजूत होती. निकाल लागला, शिक्षा झाली, की आमचे दप्तर बांधले जाई. आपल्यापैकी बहुतेकांची समजूतही याहून वेगळी नसावी. गुन्हा घडला की आपण विचारतो, 'पकडला का?' पकडला की विचारतो, 'शिक्षा किती झाली?' त्यानंतरचा प्रश्न आपण विचारीतच नाही.

वास्तविक फौजदारी न्याय ही एक साखळी आहे. पोलीस तपास करतात, सरकारी वकील खटला चालवितात, न्यायाधीश निकाल देतात आणि तुरुंग तो निकाल अमलात आणतो. या चार दुव्यांपैकी पहिल्या तिघांना काही ना काही निवड करता येते. कोणाला अटक करावी हे पोलीस ठरवितात. खटला कसा मांडावा हे वकील ठरवितात. जामीन द्यावा की नाही, शिक्षा किती द्यावी, हे न्यायाधीश ठरवितात. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला यांतले काहीच ठरविता येत नाही. न्यायालयाचा हुकूम घेऊन माणूस दाराशी आला की, 'आमच्याकडे जागा नाही' असे म्हणण्याची त्याला सोय नाही. आणि हुकूम आल्याशिवाय कोणाला बाहेर सोडण्याचीही नाही. वरच्या तिन्ही दुव्यांवर जी दिरंगाई होते, ती सगळी वाहत येऊन शेवटी या दाराशी साचते.

किती साचते ते पाहा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, गुन्हेगार वाढले, तुरुंग वाढवा. पण त्याच दिवसाचा दुसरा आकडा ऐकावा. या माणसांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, ज्याला कायदा अजून गुन्हेगार म्हणत नाही, असा माणूस. दर चार कैद्यांत तिघे असे होते. तुरुंग शिक्षा भोगण्यासाठी आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात राहणारे बहुसंख्य लोक निकालाची वाट पाहत बसलेले असतात.

आता सुधारणेचा विचार करू. तुरुंगाला हल्ली 'सुधारगृह' म्हणण्याची रीत पडली आहे. नाव चांगले आहे. सुतारकाम, विणकाम, शेती, त्याबद्दल मिळणारी मजुरी, चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेतील माफी, काही काळाची रजा, खुले कारागृह, ही सगळी सुधारणेची साधने आहेत. पण ती मुख्यतः शिक्षा लागलेल्यांसाठी आहेत. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नाही, तो आपले कपडे वापरू शकतो. कायद्याने त्याला निर्दोष मानले आहे, त्याचा हा मान आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, ज्याला निर्दोष मानले त्याच्या वाट्याला रिकामा दिवस येतो आणि ज्याला दोषी ठरविले त्याला धंदा शिकविला जातो. चारांपैकी तिघांपर्यंत सुधारगृहाची सुधारणा फारशी पोहोचतच नाही.

मग हे लोक जामिनावर का सुटत नाहीत? पुष्कळांच्या बाबतीत याचे कारण गुन्ह्याइतकेच गरिबीत असते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण आले. त्याला सोडावे असे सर्वोच्च न्यायालयाने आधीच म्हटले होते. खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, बिहारमधील कच्च्या कैद्यांचे प्रकरण आले. त्यांत असे लोक निघाले की, गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तीहून अधिक काळ ते आधीच आत काढून बसले होते. खटला लवकर चालणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले.

कायदा हळूहळू चालतो, पण चालतो. १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या ४७९ व्या कलमात अशी तरतूद आहे की, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, सोडण्याचा विचार व्हावा. फाशीच्या व जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच ज्याच्यावर अनेक खटले चालू आहेत त्याला, ही सवलत नाही. त्यातील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ही मुदत भरली की न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे काम त्या कलमाने तुरुंगाच्या अधीक्षकावर सोपविले आहे. साखळीतील जो दुवा केवळ ओझे वाहत होता, त्याला बोलण्याचे कर्तव्य कायद्याने दिले. तुरुंग हा न्यायाचा भाग आहे, न्यायानंतरचा भाग नव्हे, याची ही कबुली आहे.

तुरुंगाच्या दारापर्यंत न नेताही न्याय करता येतो, हेही आपल्याला नवे नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे न्यायाधीश योग्य प्रकरणात दोषी माणसाला समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतात. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नसेल, तर त्याला तुरुंगात का पाठविले याची कारणेच न्यायाधीशांना लिहावी लागतात. कायदा उत्तम आहे. वकील मंडळींनीच त्याचा आधार कमी घेतला. ती आमची चूक.

येथे कोणी विचारील, "वकीलसाहेब, ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे काय? त्याच्यासाठी व्याख्यान कोण देणार?" हा राग खरा आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. घातकी माणसापासून समाजाचे रक्षण झालेच पाहिजे आणि त्यासाठी भिंतीही लागतात. परंतु आत गेलेल्यांपैकी बहुतेक सगळे एक दिवस बाहेर येणार आहेत, आणि ते आपल्याच पेठेत, आपल्याच आळीत येणार आहेत. तो दिवस कसा उजाडतो, यावर ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीही झोप अवलंबून आहे.

महाराष्ट्राला हे फार पूर्वी सुचले होते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, भारतानंद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून, १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत वसविली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे शेती करू लागले, बायकामुलांसह राहू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. आपण सर्वांनी तो पाहिला, डोळे पुसले आणि घरी आलो. स्वतंत्रपूर मात्र डोळे पुसून उभे राहिलेले नाही. शेजारपाजारच्या गावांनी त्या माणसांना बाजारात, जत्रेत, बांधावर वावरू दिले, तेव्हाच भिंतीची गरज उरली नाही.

आता आमचे देणे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुकानातील नोकरावर चोरीचा आळ आला. त्याला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. सात-बाराचा उतारा नाही, ऐपतीचा दाखला देणारा कोणी नाही. तो चौदा महिने कच्च्या कैदेत राहिला. पुढे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. आम्हीच त्याचे वकील होतो. निकालाच्या दिवशी आम्हांला मोठा आनंद झाला. दोन महिन्यांनी तो आमच्या घरी आला. दुकानातली जागा केव्हाच भरली होती. "साहेब, तुमच्या कचेरीत झाडलोट, कागद नेणे-आणणे, काहीही द्या," असे म्हणाला. त्या वेळी आम्हांला तसा माणूस हवा होता. न्यायालयात त्याच्या निर्दोषपणाबद्दल तासभर बोललेले आम्ही, घरात क्षणभर घुटमळलो आणि म्हणालो, "पुढे बघू." तो नमस्कार करून गेला. पुन्हा आला नाही.

श्रोतेहो, पोलीस, वकील, न्यायाधीश आणि तुरुंग असे चार दुवे आम्ही सुरुवातीला मोजले. ती मोजणी चुकीची होती. पाचवा दुवा त्या दिवशी आमच्या ओसरीवर उभा होता, आणि तो आम्हीच तोडला. तुरुंगात अशासकीय अभ्यागत म्हणून नागरिकांना जाता येते. ओळखीच्या गरिबाला जामीन राहता येते. सुटून आलेल्याला काम देता येते. यांपैकी एकही गोष्ट करण्यास कायदा बदलावा लागत नाही. आपल्या दाराशी असा कोणी आला, तर 'पुढे बघू' हे दोन शब्द तेवढे आपण त्याला म्हणू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.