घरच्या हातची चौकट
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. माझे सारे आयुष्य कचेरीत हिशेबाच्या वह्यांवर गेले. निवृत्तीनंतर मात्र मागील पडवीत एक बाक, एक करवत आणि दोन रंधे मांडून मी तसबिरींच्या चौकटी करू लागलो. त्याविषयी चार शब्द बोलावे, असा चिटणीसांचा आग्रह पडला. म्हणून उभा आहे.

तसबीर आपल्या घरांत जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर येऊ लागली. पुढे देवांच्या शेजारी वाडवडिलांची छायाचित्रे लागली. त्या सर्वांना आपण चौकटी केल्या. परंतु चौकट ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे मला फार महागात कळले.

माझ्या आईचे एकच छायाचित्र होते. माझी पहिली सागवानी चौकट मी त्यासाठी केली. कोपरे नीट जुळले, पॉलिश उत्तम चढले, पाहुण्यांनी वाखाणणी केली. मात्र छायाचित्र मी काचेला अगदी भिडवून बसविले होते आणि तसबीर पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर टांगली होती. तीन पावसाळ्यांनी पाहतो, तर छायाचित्र काचेस चिकटलेले! मी उतावीळपणे ते ओढले. आईचा डावा डोळा आणि कपाळीचे कुंकू काचेवरच राहिले. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून मी जे शिकलो, तेच आज सांगतो.

लाकूड पुरते वाळलेले हवे. ओल्या लाकडाची पट्टी पुढे रुंदीत आकसते आणि कोपऱ्याचा सांधा आतल्या बाजूने उघडतो. जुन्या दाराखिडक्यांचा साग मिळाला, तर त्यासारखे दुसरे नाही. माप घेताना १० इंच बाय १२ इंचांच्या चित्रास दीड इंच रुंदीची पट्टी धरा. मागे काच बसण्यास दोन सुतांची खाच काढा आणि एक सूत मोकळीक ठेवा. म्हणजे बाहेरून चौकट १२ इंच ५ सूत बाय १४ इंच ५ सूत होते. तिरप्या कापात लाकूड वाया जाते, यास्तव साडेपाच फूट पट्टी घ्यावी.

चार पट्ट्यांची आठ तोंडे ४५ अंशांत कापावी लागतात. दर तोंडाशी अर्ध्या अंशाची चूक झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींस लावून तंतोतंत सारख्या करा. कापलेले तोंड सरस शोषून घेते. म्हणून पहिला पातळ हात सुकू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. कोपऱ्यांशी ठोकळे ठेवून भोवती सुतळी आवळली, की महागड्या शिकंजाची गरज नाही. सुतळी आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. ते समान भरले, तर चौकट गुण्यात आहे.

आता मुख्य गोष्ट. काच आणि छायाचित्र यांच्यामध्ये सुमारे एक सूत जागा राहिलीच पाहिजे. कडेने जाड सुती कागदाचा पुठ्ठा किंवा लाकडाची बारीक पट्टी घातली, की काम भागते. पाठीस रद्दीचा पुठ्ठा लावू नये. त्यातील आम्लाने छायाचित्र पिवळे पडते. मागची फट कागदी पट्टीने बंद करावी, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी लाकडाचे लहान तुकडे चिकटवावे, म्हणजे तसबीर भिंतीपासून सुटी राहून मागे वारा खेळतो. आणि एखादे छायाचित्र काचेस चिकटलेलेच आढळले, तर माझ्यासारखे ओढू नका. काचेवरूनच प्रथम त्याची नक्कल टिपून घ्या आणि मग जाणत्याकडे न्या.

आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत हजारो छायाचित्रे असतात. पण पणजीचे मात्र एकच असते, आणि ते बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत असते. घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. चित्रातील माणसे ओळखणारे कोणी वडीलधारे हयात असेल, तर त्यांना विचारून नावे कागदावर लिहा आणि तो कागद चौकटीच्या पाठीस लावा. नाव नसलेली तसबीर दोन पिढ्यांनी परक्याची होते.

हे काम बाहेर पैसे देऊन होते, हे मला मान्य आहे. परंतु आजोबांच्या तसबिरीचा कोपरा ज्या नातवाने स्वतः घासला, तो ती तसबीर घर बदलताना मागे टाकणार नाही. माझी पडवी रविवारी सकाळी उघडी असते. मुलांनी यावे, मुलींनीही यावे. हत्यारे मी देईन. येताना घरातील एक जुने छायाचित्र तेवढे आणावे.

आईची ती काच मी फेकलेली नाही. ती बाकावर समोरच ठेवली आहे. कापाला घाई होऊ लागली, की तिच्याकडे पाहतो आणि हात सावकाश होतो.