सैनिक भगिनींचे ऋण

(तासगाव येथे माजी सैनिकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



सातारा-सांगलीच्या या भूमीत सैनिकी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु 'माजी सैनिक' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे पुरुषाचीच मूर्ती उभी राहते. सैन्यातून परतलेली स्त्री आपल्याला दिसत नाही. मग तिची व्याधी कशी दिसणार?

वस्तुतः लष्करी परिचारिका सेवेची स्थापना १९२६ सालची. वैद्यकीय सेवांपलीकडे स्त्री अधिकाऱ्यांना प्रवेश मिळाला तो १९९२ च्या निर्णयाने. लष्करी पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ मध्ये दाखल झाली. अल्पमुदतीच्या सेवेतील अनेक अधिकारी भगिनी निवृत्तिवेतनास आवश्यक असलेली वीस वर्षे पूर्ण न होताच घरी परतल्या. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, त्यांना स्थान नव्हते. मार्च २०१९ मध्ये अंशदान भरून सदस्य होण्याची वाट मोकळी झाली. ही वार्ता किती जणींच्या घरी पोहोचली?

बरे, कार्ड मिळाले म्हणजे उपचार मिळाले असे नव्हे. आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तेथून संदर्भपत्र, मग मान्यताप्राप्त रुग्णालय, असा क्रम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद मोठ्या पॉलिक्लिनिकांतच असते. मिरज ही तर वैद्यकनगरी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९६२ पासून आहे. तज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर. परंतु छातीतील गाठ संकोचाने लपविणाऱ्या भगिनीला तेच अंतर दुर्लंघ्य ठरते. रणांगणावरील जखमींची शुश्रूषा करणारी स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढते.

यासाठी तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. तालुक्यातील निवृत्त सैनिक भगिनींची व वीरपत्नींची नोंद करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने त्यांची कार्डे पूर्ण करावीत. महिन्यातून एकदा स्त्रीरोग व कर्करोग तज्ज्ञांना तासगावी पाचारण करावे. आणि संदर्भपत्रापासून रुग्णालयापर्यंत सोबत करणारी एक जाणती भगिनी प्रत्येक गावात असावी. प्राणावर बेतले असता संदर्भपत्रावाचूनही रुग्णालय गाठता येते, हेही तिने घरोघरी सांगावे.

सत्काराचे श्रीफळ आपण पुष्कळ दिले. आता रुग्णालयाच्या दारापर्यंत सोबत देऊ या. ऋण फेडण्याचा तोच खरा मार्ग होय.