भय की द्वेष? ‘होमोफोबिया’ या शब्दाची उत्पत्ती आणि त्याच्या अर्थाविषयीचा वाद

(देहूरोड येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वहस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली, तेथे एका परकीय शब्दाची चर्चा कशासाठी, असे आपणांपैकी कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, शब्दांनी माणसाचे काय होते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? शतकानुशतके आपली नावे दुसऱ्यांनी ठेवली. ‘विटाळ’ हा शब्द आपण निर्माण केलेला नव्हता. पण त्याचे ओझे मात्र आपल्याच डोक्यावर होते. म्हणून ज्या शब्दाने एखाद्या अन्यायाला प्रथमच नाव मिळाले, त्याची परीक्षा करण्याचा अधिकार आपणास आहे.

हा शब्द ‘होमोफोबिया’. ज्या पुरुषाचे मन पुरुषाकडे किंवा ज्या स्त्रीचे मन स्त्रीकडे ओढ घेते, अशा समलिंगी माणसांविषयी इतरांच्या मनात जी घृणा असते, तिला उद्देशून तो वापरतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात तो योजिला. १९६९ साली तो तेथील नियतकालिकांत छापून आला आणि १९७२ साली वाइनबर्ग यांच्या ग्रंथामुळे सर्वत्र रूढ झाला. त्या काळी अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत समलिंगी आकर्षण हाच एक रोग म्हणून नोंदलेला होता. वाइनबर्ग यांनी तराजूच उलटा केला. आजारी तो नव्हे, त्याला पाहून ज्याचे अंग शहारते तो आजारी, असे त्यांचे म्हणणे. पुढे डिसेंबर १९७३ मध्ये त्या तज्ज्ञांच्या संघटनेने ती नोंद यादीतून काढून टाकली.

परंतु शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर वादही सुरू झाला. ग्रीक भाषेत ‘होमोस’ म्हणजे समान व ‘फोबोस’ म्हणजे भय. तेव्हा अक्षरशः अर्थ होतो ‘समानाचे भय’, ज्यातून काहीच बोध होत नाही. हा व्युत्पत्तीचा आक्षेप किरकोळ होय. खरा आक्षेप ‘फोबिया’वर आहे. आपल्याकडे वैद्यकात ‘जलसंत्रास’ हा शब्द आहे. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसास पाणी पाहून जी भीती वाटते ती. या भीतीत तळमळतो तो स्वतः रोगी. पाण्याला त्याची काही इजा होत नाही. येथे मात्र भीती एकाची आणि मार दुसऱ्याला, अशी स्थिती आहे! शिवाय रोग्यास कोणी दोषी धरीत नाही. मग मारणाऱ्यास रोगी म्हटले की तो जबाबदारीतून सुटला, असे होणार नाही काय? याच कारणास्तव ग्रेगरी हेरेक या अमेरिकन संशोधकाने २००४ साली ‘लैंगिक पूर्वग्रह’ अशा अर्थाचा शब्द पुढे केला, आणि २०१२ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या वार्ताहरांना राजकीय व सामाजिक लेखनात हा शब्द टाळण्यास सांगितले. उलट पक्षाचे म्हणणे असे की, या शब्दाने लाखो पीडितांना आपले दुःख बोलून दाखविता आले, तो काढून घेऊ नये.

या वादात आपणास काही सांगता येण्याजोगे आहे काय? मला वाटते, आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांसाठी सांगितलेले सुत्त होय. त्यात भगवंतांनी माणूस वाईट मार्गास कोणत्या चार कारणांनी लागतो ते सांगितले आहे: छंद म्हणजे पक्षपात, द्वेष, मोह आणि भय. पाश्चात्त्य पंडित भय की द्वेष असा वाद घालीत असता येथे दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत, आणि मोह, म्हणजे अज्ञान, हा तिसरा त्यांच्या जोडीला आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की, भयाने केलेले दुष्कृत्य हे दुष्कृत्यच राहते. भय होते म्हणून ते क्षम्य ठरत नाही. अस्पृश्यतेसंबंधी बाबासाहेबांचा विचार याहून निराळा नव्हता. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात जात ही मनाची एक धारणा आहे असे ते सांगतात. तथापि ती मनात आहे म्हणून ती पाळणाऱ्यास त्यांनी निरपराध ठरविले नाही. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने तर अस्पृश्यता पाळणे हा गुन्हाच ठरविला. अर्थात जात आणि हा प्रश्न एकच आहेत असे मी म्हणत नाही. अस्पृश्याचे मूल निदान अस्पृश्य आईबापांच्या घरी जन्मते. समलिंगी मुलाचे दुःख पुष्कळदा स्वतःच्या घरातच सुरू होते.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांचा या विषयाशी काय संबंध? रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत असत. वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना, ज्यांत समलिंगी संबंधांचे प्रश्नही होते, त्यांनी उत्तरे छापली. म्हणून त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता की, लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही. आणि लोकांच्या प्रश्नांत विकृती आहे असे मानले तरी ती घालविण्याचा उपाय ज्ञान हाच आहे. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या कामात ना मते मिळणार, ना कीर्ती, असे काम त्या धामधुमीत त्यांनी पत्करले, ही गोष्ट आपल्या सभांतून फारशी सांगितली जात नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविला होता. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो गुन्हा नव्हे असे ठरविताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मांडलेल्या ‘संविधानिक नीती’चा आधार घेतला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या खासगी व संमतीच्या संबंधांपुरते, ते कलम रद्द ठरविले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली न्यायालयाने मान्य केला नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत पाळीवर जाणारे आपले तरुण पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची गोष्ट घरी कळली की ‘दोनाचे चार हात करा म्हणजे पोरगा ताळ्यावर येईल’ हा सल्ला नातेवाईक तत्काळ देतात. त्या सल्ल्यात दुसऱ्याच्या मुलीचा बळी जातो, याचा विचार कोणी करीत नाही. तिसरे शील यावेळी हटकून पुढे केले जाते. पण ‘कामेसु मिच्छाचारा’चे सुत्तांतील विवेचन दुसऱ्याच्या रक्षणाखालील किंवा विवाहित स्त्रीशी गमन करण्याविषयी आहे, ज्या मुलीला फसवून लग्नाला उभे केले तिच्या बाबतीत शीलाचा प्रश्न अधिक उद्भवतो, असे माझे मत आहे. विनयात ‘पंडका’स प्रव्रज्या नाकारली आहे, हेही मी लपवीत नाही, परंतु तो नियम भिक्खुसंघात प्रवेशापुरता आहे आणि त्या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यावरून कोणास घराबाहेर घालविता येत नाही. तृतीयपंथी व समलिंगी यांचीही आपण गल्लत करतो. ते दोन निरनिराळे प्रश्न आहेत. तरी २०२२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले, याची नोंद घेतली पाहिजे. कारण रोजच्या परिचयाने मोह जितका ओसरतो तितका व्याख्यानाने ओसरत नाही.

मराठीत या शब्दास काय म्हणावे, असे मला विचारण्यात आले आहे. एकच प्रतिशब्द करू नये, असे मी सुचवितो. मुलाची गोष्ट कळल्यावर जिला ‘आता चारचौघांत कसे व्हायचे’ या काळजीने झोप लागत नाही, त्या आईच्या मनात आहे ते भय. तिला माहिती द्यावी, तिच्याशी बसून बोलावे. परंतु त्याच मुलाला रात्री घराबाहेर काढणारा बाप, किंवा कुजबुज ऐकून त्याला कामावरून कमी करणारा ठेकेदार, यांच्या कृत्यास भय हा शब्द पुरत नाही. तेथे द्वेष असेच म्हणावे.