बंद दाराआडची शाळा

भिलाईसारख्या नगरात गॉथिक कादंबरीचा विषय प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याच्या भोवती सेक्टरामागून सेक्टर उभे राहिले. अशा वसाहतीत पडका वाडा नसतो, बुजवलेली विहीर नसते. गॉथिक कथेला तर जुनी वास्तूच हवी असते. होरेस वॉल्पोल याच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून किल्ले, भुयारे आणि शापित घराणी हेच तिचे भांडवल होते.

परंतु एकोणिसाव्या शतकात या परंपरेला एक नवे वळण लागले. किल्ल्याच्या जागी मुलींची निवासी शाळा आली. ही अदलाबदल केवळ देखाव्याची नव्हती. वयात येणारी मुलगी, घंटेच्या ठोक्यावर चालणारा दिवस, बाहेरून लावलेले दार आणि ज्या शारीरिक व मानसिक बदलांविषयी कोणीही चकार शब्द काढत नाही ते बदल, इतकी सामग्री एकत्र आल्यावर भुताची फारशी गरज उरत नाही.

शार्लट ब्राँटी हिला हे अनुभवाने ठाऊक होते. काउअन ब्रिज येथील धर्मोपदेशकांच्या मुलींच्या शाळेतून तिच्या मराया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी आजारी होऊन घरी परतल्या आणि १८२५ साली दोघींचाही मृत्यू झाला. ‘जेन एअर’ (१८४७) मधील लोवुड शाळा त्याच स्मृतीतून उभी राहिली आहे. करपलेली लापशी, गारठलेल्या खोल्या, ज्वराची साथ. त्यातही एक प्रसंग विसरता येत नाही. एका मुलीचे केस जात्याच कुरळे आहेत, एवढ्याच कारणास्तव ते कापून टाकण्याचा हुकूम शाळेचा चालक देतो. पुढे ‘व्हिलेट’ (१८५३) मध्ये शाळेच्या माडीवर आणि बागेत एक जोगीण दिसू लागते. ती म्हणजे वेषांतर केलेला एक प्रियकर असल्याचे शेवटी उघड होते. पण नायिकेचे एकाकीपण त्यामुळे रतीभरही कमी होत नाही. ऑस्ट्रेलियन लेखिका जोन लिंडसे हिने ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९६७) या कादंबरीत तर रहस्याचा उलगडाच केला नाही. सहलीला गेलेल्या मुली नाहीशा होतात, एवढेच. उलगड्याचे गाळलेले प्रकरण १९८७ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ते न छापले असते तरी चालले असते.

मराठीत या प्रकाराची ठळक परंपरा निर्माण झाली नाही. मराठी लेखिकांची कल्पनाशक्ती तोकडी होती, असे याचे कारण देणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात भयाची वास्तू शाळा ही नव्हती. ती घर ही होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या आश्रमात आली ती केशवपन झालेली. त्याच रूपात तिने कित्येक वर्षे आश्रमासाठी निधी गोळा केला आणि पुढे केस वाढविले. लोवुडमध्ये शाळा केस कापते. इथे केस घराने कापले होते, आणि ते पुन्हा वाढू शकले ते आश्रमात.

म्हणून शारदा सदन किंवा हिंगणे यांना नंदनवन समजण्याचे कारण नाही. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ साली शारदा सदनातून अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या मुलींना काय वाटले, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आलेल्या आश्रमातही शिस्त होती, घंटा होती, काटकसर होती. तथापि त्या दाराच्या आत येणे हीच सुटका होती. जेनलासुद्धा पहिले भय शाळेत भेटत नाही. मामीच्या घरातील लाल खोलीत ते भेटते, आणि शाळा ही तिला त्या घरापासून दूर नेणारी वाट असते. मराठी वाचक या पानांशी अधिक काळ थांबेल.

हिंगण्याच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला, तो विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. ब्राँटीची कादंबरीही करर बेल या पुरुषी वाटणाऱ्या नावाने आली होती. मराठी समाजात वादळ उठले आणि ही लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. या कथांत भूत नाही, साखळदंडांचा आवाज नाही. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुलगी आता घरी पगार आणते, आणि तो पगार थांबू नये म्हणून तिच्या लग्नाचा विषय घरात कोणी काढत नाही.