खेळाचे मैदान आणि माणसाचे नाव

(बुद्धविहारातील सभेत नवदीक्षित कुटुंबांसमोर एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी मुष्टियुद्धाविषयी बोलणार आहे हे ऐकून आपणांपैकी अनेकांस नवल वाटेल. मैत्रीचा व करुणेचा मार्ग पत्करलेल्या माणसांनी ठोशांच्या खेळाची चर्चा विहारात कशासाठी करावी, असा प्रश्नही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, मला ठोशांविषयी बोलावयाचे नाही. मला धर्मांतराविषयी, नावाविषयी आणि समान न्यायाविषयी बोलावयाचे आहे. या तिन्ही गोष्टींचा झगडा अमेरिकेत एका खेळाडूभोवती १९६४ पासून १९७१ पर्यंत चालला. तो जितका न्यायालयात झाला, तितकाच वृत्तपत्रांच्या रकान्यांत आणि खेळाच्या शौकिनांच्या वादांत झाला. तसले वाद आपल्या मुलांच्या वाट्यास शाळेत, कचेरीत व नाक्यावर येतच असतात. म्हणून तो झगडा आपण समजून घेतला पाहिजे.

केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी १७ जानेवारी १९४२ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे नाव कॅशियस क्ले असे ठेवण्यात आले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे सनी लिस्टन यांचा पराभव करून तो जगज्जेता झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने आपण ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथाचे अनुयायी असल्याचे उघडपणे मान्य केले, आणि मार्च महिन्यात मुहम्मद अली हे नाव धारण केले. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांस बहुधा मालकांची आडनावे चिकटलेली होती. ‘क्ले’ हे आपले गुलामीचे नाव आहे, ते मी टाकले, असे त्यांचे म्हणणे होते.

एका सज्ञान माणसाने आपला धर्म निवडला व आपले नाव निवडले. यात कोणाचे काय गेले? परंतु खेळाच्या पानांवर गहजब झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारखे प्रतिष्ठित पत्र पुढे कित्येक वर्षे त्यांस ‘क्ले’ म्हणूनच छापीत राहिले. बहुतेक क्रीडालेखकांनी तोच परिपाठ ठेवला. हॉवर्ड कोसेल यांच्यासारखे थोडेच निवेदक त्यांस त्यांच्या निवडलेल्या नावाने हाक मारीत. शौकीनही दोन तटांत वाटले गेले. कोणता माणूस ‘अली’ म्हणतो व कोणता ‘क्ले’ म्हणतो, यावरून त्याचे राजकारण ओळखावे, अशी स्थिती झाली.

आता येथे मी वकिलाचा प्रश्न विचारतो. जन्मनावच छापावयाचे असा त्या वृत्तपत्रांचा नियम होता काय? तसा नियम असता, तर तो कठोर असला तरी सर्वांस सारखा आहे एवढे समाधान मानता आले असते. परंतु तसे नव्हते. त्याच मुष्टियुद्धात ‘शुगर रे रॉबिन्सन’ या नावाने गाजलेल्या जगज्जेत्याचे जन्मनाव वॉकर स्मिथ असे होते. जो लुईस यांचे जन्माचे आडनाव बॅरो होते. त्यांची घेतलेली नावे वृत्तपत्रांनी बिनतक्रार छापली. खेळासाठी नाव बदलले तर ते चालते. धर्मासाठी व स्वाभिमानासाठी बदलले तर मात्र चालत नाही! म्हणजे आक्षेप नाव बदलण्यास नव्हता. ज्याने बदलले त्याने आपली जागा सोडून वर मान केली, यास होता.

बंधूंनो, हा अनुभव आपणांस परका आहे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर पिढ्या उलटल्या, तरी जन्माने बौद्ध असलेल्या माणसास ‘नवबौद्ध’ म्हणणारी लेखणी थांबली नाही. ‘हो, हो, बौद्ध, पण मूळचे कोण?’ हा प्रश्न आपणांपैकी कोणी ऐकला नाही? विचारणारा हसून विचारतो, पण त्याचा अर्थ एवढाच असतो की, तुम्ही स्वतःस काहीही म्हणवून घ्या, तुमचे नाव ठरविण्याचा अधिकार आमच्याकडेच आहे.

अली यांच्या बाबतीत यावर शौकिनांचे एक ठरलेले उत्तर असे: ‘खेळात राजकारण आणि धर्म आणू नका.’ हे वाक्य आपणही नित्य ऐकतो. ते दिसावयास निर्मळ आहे, म्हणून त्याचा इतिहास तपासला पाहिजे. अली जन्मण्यापूर्वी कित्येक वर्षे अमेरिकेतील गोरे जगज्जेते कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढण्याचे नाकारीत असत. यामुळे जॅक जॉन्सन यांस जगज्जेतेपदासाठी ऑस्ट्रेलियात सिडनीपर्यंत जावे लागले. तेथे २६ डिसेंबर १९०८ रोजी त्यांनी टॉमी बर्न्स यांस हरविले. मग त्यांस पाडू शकेल अशा गोऱ्या माणसाचा शोध वृत्तपत्रांनी चालविला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे निवृत्त जगज्जेते जेम्स जेफ्रीज यांचाही पराभव झाला, तेव्हा अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले होऊन माणसे मारली गेली. १९१२ साली अशा लढतींची चित्रफीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदाच झाला. हे सर्व राजकारण नव्हते काय? ते मैदानात आधीपासूनच होते. परंतु ज्यांच्या सोयीचे होते त्यांस ते दिसत नव्हते. अपमान सोसणारा बोलू लागला, तेव्हाच त्यांस राजकारणाची आठवण झाली.

आपल्याकडेही क्रिकेटचे मैदान याहून वेगळे नव्हते. चांभार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर हे त्या काळचे अग्रगण्य गोलंदाज. पुण्यात त्यांच्याच संघातील सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाती घेत, परंतु चहा मात्र त्यांस बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून देत. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांस हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस देण्यात आले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. चेंडूस जात नव्हती, पण पेल्यास होती. ‘खेळात जात आणू नका’ असे सांगणाऱ्याने प्रथम त्या पेल्याचे उत्तर द्यावे.

आता न्यायालयाकडे वळतो; कारण या कथेतील सर्वांत उपयोगी धडा तेथे आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू असता सक्तीच्या सैन्यभरतीची आज्ञा अली यांस आली. माझा धर्म मला या युद्धात जाऊ देत नाही, असे सांगून त्यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे भरती होण्याचे नाकारले. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने त्यांचा परवाना स्थगित केला. लक्षात घ्या, तोपर्यंत कोणत्याही न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले नव्हते! जूनमध्ये त्यांस पाच वर्षांचा कारावास व १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले, परंतु वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, खेळाडूच्या ऐन भराच्या काळात, त्यांस एकही लढत मिळाली नाही.

त्यांच्या वकिलांनी काय केले? त्यांनी क्रीडा आयोगाचेच दप्तर मागविले व तपासले. त्यात असे आढळले की, निरनिराळ्या गुन्ह्यांत व लष्करी अपराधांत दोषी ठरलेल्या माणसांस याच आयोगाने निदान २४४ वेळा परवाने दिले होते अथवा परत केले होते. चोर चालला, दरोडेखोर चालला, सैन्यातून पळालेला चालला. आपल्या श्रद्धेसाठी उघडपणे शिक्षा पत्करणारा तेवढा चालला नाही. १९७० साली संघीय न्यायालयाने ही वागणूक कायद्यापुढील समानतेचा भंग करणारी ठरविली व परवाना देण्याचा आदेश दिला.

पुढे २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी या सुनावणीत भाग घेतला नाही. निकालाचे कारण समजण्यास सोपे आहे. अशी सूट मागणाऱ्याचा युद्धविरोध सर्व युद्धांस असावा, तो धार्मिक श्रद्धेवर आधारलेला असावा, आणि तो प्रामाणिक असावा, अशा तीन कसोट्या होत्या. अली एकाही कसोटीस उतरत नाहीत, असे न्याय खात्याने अपील मंडळास कळविले होते. वस्तुतः त्यांची जबानी घेणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांनी त्यांस प्रामाणिक ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयात शेवटच्या दोन कसोट्यांविषयी सरकारलाच माघार घ्यावी लागली. अपील मंडळाने अर्ज फेटाळताना कोणतेही कारण दिले नव्हते. तेव्हा त्याने चुकीच्याच कारणावर भिस्त ठेवली नसेल असे म्हणता येईना, आणि शिक्षा टिकली नाही. कारण न देता माणसाचा हक्क नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे काय होते, ते यात दिसते.

धर्म बदलल्याची किंमत कागदोपत्री कशी वसूल होते, हे आपणांसही ठाऊक आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० सालच्या दुरुस्तीने झाला. दीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या माणसांस ‘धर्म की हक्क’ असा पेच घातला गेला. तो सुटला तो शिवीगाळीने नव्हे. संघटनेने, अर्जांनी आणि चिकाटीने.

तथापि, अली यांचे सर्वच वर्तन मी वाखाणतो असे कोणी समजू नये. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी एर्नी टेरेल यांच्याशी झालेल्या लढतीत, आपणांस ‘क्ले’ म्हणणाऱ्या त्या प्रतिस्पर्ध्यास ते ठोसे मारीत ‘माझे नाव काय?’ असे विचारीत राहिले. राग समजतो, पण ती क्रूरता धम्मास मान्य होण्यासारखी नाही. त्यांच्या पंथाची गोऱ्यांविषयीची शिकवणही वंशद्वेषाने भरलेली होती; १९७५ नंतर त्यांनी स्वतःच ती मागे टाकली. जो फ्रेझियर हे साउथ कॅरोलिनातील गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातून आलेले. त्यांस अली यांनी गोऱ्यांचा हस्तक म्हणून हिणविले, आणि अली यांस पाण्यात पाहणाऱ्या गोऱ्या शौकिनांनी तेच फ्रेझियर आपले म्हणून डोक्यावर घेतले. ८ मार्च १९७१ च्या लढतीत फ्रेझियर जिंकले. परंतु दोन्ही तटांच्या शौकिनांनी त्या माणसाचे स्वतःचे दुःख व कष्ट पाहिलेच नाहीत. ज्याच्या नावाचा मान राखला जावा म्हणून आपण भांडतो, त्याच्याकडून दुसऱ्याचा मान गेला तर तेही सांगता आले पाहिजे.

खेळाडूवर प्रेम करणे वेगळे व आपली विवेकबुद्धी त्याच्या हवाली करणे वेगळे. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू पालवणकर मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले होते. मतदारांनी बाबासाहेबांस निवडून दिले. त्यामुळे बाळूंची गोलंदाजी कमी ठरली नाही, आणि गोलंदाजी थोर म्हणून मतही त्यांस द्यावे लागले नाही.

माताभगिनींनो, आपला मुलगा किंवा मुलगी खेळाच्या वादातून अपमानित होऊन घरी येईल, तेव्हा ‘तू त्या भानगडीत पडू नकोस’ एवढेच सांगून त्यास गप्प करू नका. त्यास तीन गोष्टी शिकवा. पहिली, आपले नाव व आपला धर्म शांतपणे पण दर वेळी बरोबर सांगावा. चुकीचे छापले वा लिहिले गेले, तर संपादकास अथवा मुख्याध्यापकास पत्र लिहून दुरुस्ती मागावी. दुसरी, समोरचा एखादा नियम सांगू लागला, तर तोच नियम इतरांस लावला होता काय, एवढेच विचारावे व दाखले जमा करावेत. ते २४४ दाखले एखाद्याने बसून मोजले, म्हणून ते न्यायालयात बोलले. तिसरी, कोणत्याही वृत्तपत्राचे मत हे वृत्त समजू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तो इतरांच्या पत्रांत आपल्या माणसांचे म्हणणे येत नव्हते म्हणूनच.

आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढील समानता दिली आहे, आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. हे दोन अनुच्छेद केवळ न्यायालयात उच्चारण्यासाठी नाहीत. मैदानाच्या कडेला उभे राहून बोलणाऱ्या आपल्या मुलाच्याही पाठीशी ते उभे आहेत, हे त्यास ठाऊक असले पाहिजे. ते त्यास सांगण्याचे काम आपले आहे.

जय भीम.