लिफ्ट न करता मोठे टायर : जुन्या बोलेरोला किती झेपतं?

आजचा भाग चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गाडीवाल्यांसाठी. एमएच ३३ किंवा एमएच ३४ ची जुनी डिझेल बोलेरो दारात उभी असली, की टायर बदलायच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, आता टाकायचेच आहेत तर मोठे टाकू का? लिफ्ट किट न लावता बसतील ना?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. एक साईज वर बहुतेक वेळा बसते. त्याच्या पुढे गेलात तर टायर घासतो आणि खर्च वाढत जातो. पण बसणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज त्याचाच हिशोब करू.

बोलेरोचा नेहमीचा टायर २१५/७५ आर १५. यातलं २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिम, इंचांत. गुणाकार केला तर अख्ख्या चाकाची उंची येते साधारण ७०३ मिलिमीटर. आता बरेच जण टाकतात तो २३५/७५ आर १५, म्हणजे जुन्या स्कॉर्पिओचा टायर. त्याची उंची ७३३. फरक ३० मिलिमीटरचा. पण गाडी उभी असते चाकाच्या मध्यावर, म्हणून ती उचलली जाते फक्त निम्मी, १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर! बोटाच्या जाडीएवढी.

आणि ३१ इंची टायर? तो ७८७ मिलिमीटरचा. गाडी चार सेंटिमीटरच्या वर उचलली जाते, दिसतेही झकास. पण तो साडेदहा इंच रुंद असतो, त्याला रिम रुंद लागते, आणि लिफ्ट न करता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो कुठे ना कुठे टेकतोच. तो विषय आज सोडा.

आता २३५ टाकल्यावर काय बदलतं ते बघा. चाक ४ टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ४ टक्के जास्त पुढे जाते. मीटरला ते कळत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही साडेबासष्टने चाललेले असता. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. त्यातलं थोडं खरंच पडलेलं असतं, कारण चाक जड झालेलं असतं. पण थोडी मीटरची करामत असते.

ओढही तेवढीच कमी होते. जुनं डिझेल इंजिन, मागे धानाची पोती, समोर घाट, मग जो चढ तिसऱ्यावर निघायचा तो दुसऱ्यावर काढावा लागतो. क्लचला जास्त त्रास होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. चाक मोठं, ब्रेक मात्र तेच. तेवढंच थांबायला पाय जरा जास्त दाबावा लागतो. रिकाम्या गाडीत जाणवत नाही. भरलेल्या गाडीत, उतारावर, समोर अचानक रानडुक्कर आलं की जाणवतं. आपल्याकडे एकच बोलेरो घरची गाडी असते, काळी-पिवळीसारखी सवारीही नेते, आणि रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर तीच दवाखान्याची गाडी होते. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून निघालेल्या गाडीत मागे कोण बसलंय हे आठवा आणि मग ब्रेकचा विचार करा. टायर वाढवायच्या आधी ब्रेकचे पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या. ते जुने असतील तर टायरचे पैसे आधी तिकडे घाला.

बरं, घासतो की नाही हे कसं ओळखायचं? दुकानाच्या सपाट फरशीवर कधीच कळत नाही. आधी एकच टायर बसवायला सांगा, पुढे. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग रिव्हर्समध्ये तसंच. मग एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा वळवा. आणि गाडीत पाच-सहा माणसं बसवून परत एकदा. बंपरचा कोपरा, आतलं प्लास्टिक, मडफ्लॅप, चॅसिस, या चार जागा बघा. मडफ्लॅपला लागत असेल तर थोडा कापता येतो. चॅसिसला लागत असेल तर मेकॅनिक स्टिअरिंगच्या स्टॉपरचा बोल्ट बाहेर काढून देतो. घासणं थांबतं, पण गाडी कमी वळते. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर गाडी फिरवताना एकाऐवजी तीनदा मागे-पुढे करावं लागतं. ही किंमत माहीत असू द्या. रिम बाहेर ढकलायला स्पेसर लावू नका. त्याने सगळा ताण बेअरिंगवर जातो.

आता खरी गंमत ऐका. दहा-बारा वर्षं भार वाहिलेल्या गाडीचे मागचे पाटे बसलेले असतात, पुढच्या स्प्रिंगही दमलेल्या असतात. टायर बदलून जे दीड सेंटिमीटर मिळणार, त्याहून जास्त उंची गाडीने आधीच गमावलेली असू शकते. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, चारही बाजूंना, आणि तीच गाडी कमी वापरलेली असेल त्याच्याशी ताडून बघा. फरक दिसला तर पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या किंवा बदला, बुश बदला. याला लिफ्ट म्हणत नाहीत, ही दुरुस्ती आहे. कंपनीने दिलेली उंची आधी परत मिळवा.

आणि चिखलाचं म्हणाल तर तिथे उंचीपेक्षा टायरची नक्षी जास्त काम करते. वरोरा, राजुऱ्याकडची काळी माती गुळगुळीत टायरच्या खाचांत भरून बसते आणि चाक नुसतं फिरतं. खोल, मोकळ्या खाचांचा ऑल-टेरेन टायर मूळ २१५ साईजमध्ये घेतला तरी मोठा फरक पडतो. मीटर बरोबर राहतं, ब्रेक तसेच राहतात, कागदपत्रांचा प्रश्न येत नाही.

कागदपत्रांवरून आठवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही, ज्याने नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून दारावरचं स्टिकर आणि मॅन्युअल उघडा. तुमच्या मॉडेलला कंपनीने कोणत्या साईज मान्य केल्यात ते बघा. त्यात नसलेली साईज टाकली तर अपघातानंतर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

तरी २३५ घ्यायचाच ठरवलात, तर तीन गोष्टी. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. दुसरं, पाचही टायर एकाच साईजचे. फोर-बाय-फोर असेल तर पुढे-मागे वेगळे टायर गिअरची वाट लावतात. स्टेपनी मागच्या दारावर लटकते, ती जड झाली की बिजागऱ्या तपासा. तिसरं, बसवल्यावर अलाइनमेंट, आणि हजारेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, टायरच्या कडा बघा.

शेवटचं, आणि हे कान देऊन ऐका राजेहो. मोठा टायर म्हणजे पुरातून जायचा परवाना नव्हे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण पावसाळ्यामागून पावसाळा ऐकतो. वाहत्या पाण्याची पातळी दोन फूट झाली की बोलेरोसारखी गाडीही उचलली जाऊ शकते. तिथे दीड सेंटिमीटर कुणाला वाचवत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर टायर कुठलाही असो, गाडी अलीकडेच लावा.

तुमच्या गाडीला कोणती साईज आहे, कुठे घासतंय, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात. जपून चालवा!